खेळाला जुगार म्हणणारे आणि जुगाराला खेळ म्हणणारे

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी आली. त्यानंतर प्राध्यापकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीच्या बाकावर जी चर्चा आमच्या कानी पडली, तिच्यात दोनच पक्ष होते. एक म्हणत होता, ‘बरे झाले, त्या फँटसी लीगपायी पोरे वाया चालली होती.’ दुसरा म्हणत होता, ‘तो बुद्धीचा खेळ होता, सरकारने उगाच मारला.’ आमचे म्हणणे असे की दोन्ही पक्ष एकाच गफलतीत सापडले आहेत. पहिला खेळाला जुगार म्हणतो, दुसरा जुगाराला खेळ म्हणतो. आणि या दोघांच्या भांडणात ‘खेळ’ या शब्दाला स्वतःचा असा अर्थच उरत नाही. तो अर्थ परत मागण्यासाठी हा लेख आहे.

प्रारंभीच आमची बाजू उघड केलेली बरी. आम्ही पती-पत्नी आहोत. दोघेही मराठी घेऊन एम. ए. झालेले आणि दोघेही पदवीच्या वर्गांना शिकवणारे. एकाची नोकरी नांदेडला, दुसरीची लातूरला. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत जाणारा सुमारे एकशेचाळीस किलोमीटरचा रस्ता आमच्या संसाराच्या मधोमध पडलेला आहे. या संसारात काही वर्षांपासून एक वही आहे. युरोपात व्यावसायिक सायकलपटूंचा जो हंगाम चालतो, त्यातील मोठ्या शर्यतींसाठी आम्ही दोघे आपापला काल्पनिक संघ निवडतो. प्रत्येकाला शंभर गुणांचे भांडवल. त्यात नऊ स्वार बसवायचे. नामवंत स्वार महाग, अनाम स्वार स्वस्त. मे महिन्यात इटलीचा जिरो, जुलैत फ्रान्सची टूर, ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनची व्हुएल्टा. प्रत्येक शर्यत तीन आठवड्यांची आणि एकवीस टप्प्यांची. टप्पा आपल्याकडे रात्री नवाच्या सुमारास संपतो, मग फोनवर गुणांची मांडामांड होते. ‘नांदेडकर’ आणि ‘लातूरकर’ ही आमच्या संघांची नावे. पुढे सोयीसाठी तीच वापरू. या वहीत आजवर एक रुपयाही लागलेला नाही. हरणाऱ्याला दंड नाही, जिंकणाऱ्याला बक्षीस नाही. ‘मग खेळता तरी कशासाठी?’ हा प्रश्न आम्हाला इतक्यांनी इतक्या वेळा विचारला आहे की, त्याचे उत्तर एकदा लिहून टाकणे भाग आहे.

आधी जुगाराला खेळ म्हणणाऱ्यांकडे वळू. फँटसी लीग नावाचा प्रकार मुळात बाजारात जन्मलेला नाही. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या संपादक-लेखकाने आपल्या मित्रांबरोबर बेसबॉलची अशी एक लीग सुरू केली. ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून तिला ‘रोटिसेरी लीग’ म्हणू लागले. त्या मंडळींत लिहिणारे, छापणारे, पुस्तकांच्या धंद्यातले लोक बरेच होते. वर्षभर आकडे वाचायचे आणि त्या आकड्यांतून खेळाडूचा स्वभाव ओळखायचा, ही मुळात वाचकाची वृत्ती. वर्गणी त्यांच्यातही होती, पण ती ओळखीच्या दहाबारा जणांत फिरत होती. आपल्याकडे ही कल्पना आली तेव्हा तिच्यातला वाचक गळून पडला आणि वर्गणी तेवढी फुगली. २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘ड्रीम इलेव्हन’ २०२० मध्ये आयपीएलची मुख्य प्रायोजक झाली, २०२३ पासून भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर झळकली आणि कायदा येताच, ऑगस्ट २०२५ मध्ये, तिथून उतरली. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक अशा पैशांच्या खेळांत जवळजवळ २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारकडून सांगितला गेला. अंदाज कितीही सैल धरला, तरी नांदेड-लातूरच्या कोणत्याही वसतिगृहात चार दिवस काढलेल्या माणसाला तो अविश्वसनीय वाटणार नाही.

या सर्व काळात कंपन्यांच्या हाती एकच शस्त्र होते: ‘कौशल्य’ हा शब्द. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात म्हटले होते. त्या धाग्याला धरून २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फँटसी क्रिकेटलाही कौशल्याच्या रकान्यात बसवले. न्यायालयांपुढील प्रश्न कायद्याच्या चौकटीतला होता, त्याचे उत्तरही त्याच चौकटीत मिळाले. पण जाहिरातदारांनी त्या उत्तराचे नीतिवचन करून टाकले. ज्यात कौशल्य आहे तो जुगार नव्हे, म्हणून त्यात पैसे लावणे म्हणजे बुद्धीचा गौरव! आणि मग सवय लागण्याचा धोका सांगणारे ते एक वाक्य, इतक्या घाईत उच्चारलेले की सत्यनारायणाच्या पोथीतली फलश्रुतीसुद्धा भटजी त्यापेक्षा सावकाश वाचतात.

कौशल्य विरुद्ध नशीब हा भेदच मुळी निरुपयोगी आहे. सायकल शर्यतीत दोन्ही ठासून भरलेले असते. तीन आठवडे घाट चढणाऱ्या स्वाराची ताकद आणि अक्कल खरी. आणि पावसात निसरड्या झालेल्या वळणावर समोरचा पडला म्हणून हाही पडला, हे नशीबही तितकेच खरे. परीक्षेत दोन्ही असतात. मृगात पेरणी करणाऱ्या आमच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात तर दोन्ही असतातच. म्हणून काय त्याला जुगारी म्हणायचे? योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाचे लक्षण सांगताना त्याच्या भौतिक लाभापासून अलिप्त असण्यावर भर दिला. पुढे १९५८ मध्ये रोजे काय्वा यांनी स्पर्धा आणि दैव अशी खेळाची वेगवेगळी कुळे मांडली आणि दोन्ही कुळांना खेळच मानले. खेळ भ्रष्ट केव्हा होतो याचाही विचार त्यांनी केला आहे: व्यवहाराचे जग खेळाच्या रिंगणात घुसले की. नव्या कायद्याने नेमकी हीच खूण धरली, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. खेळ कौशल्याचा की दैवाचा हे तो पाहत नाही. पैसे मिळण्याच्या आशेने पैसे लावले का, एवढेच पाहतो. पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळांना त्याची आडकाठी नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, बंदीने चोरवाटा वाढतील अशी भीतीही जाणत्यांनी व्यक्त केली. ते मुद्दे गंभीर आहेत. पण व्याख्येपुरते बोलायचे तर, जवळजवळ सहा दशके चाललेला एक शब्दच्छल तिने संपवला.

आणि हे काही आज नव्याने कळलेले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. आपल्या पत्नीने आपल्याला कधी दुखावले नाही, तरी फाशांपायी आपण तिला दुरावलो, असे तो सांगतो. आणि सूक्ताचा शेवट फासे सोडून नांगर धरण्याच्या उपदेशाकडे वळतो. मराठी गद्याचा आरंभ जिथे आपण शिकवतो, त्या ‘लीळाचरित्रा’तही हेच दुःख आहे. श्रीचक्रधर हरपाळदेव असताना द्यूतात हरतात, देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतात, ती नकार देते आणि त्या नकारातून त्यांना विरक्ती येते. पुढचा सारा महानुभाव इतिहास या एका नकाराच्या पलीकडे उभा आहे. वर्गात आपण ही लीळा वैराग्याची म्हणून समजावून देतो. पण ती एका घराचीही गोष्ट आहे. देणे बाहेरच्या माणसाचे आहे आणि ते फेडायचे आहे घरातल्या बाईच्या अंगावरून. जुगाराचे याहून नेमके लक्षण आम्हाला तरी ठाऊक नाही.

याच मराठवाड्याच्या भूमीत दुसरेही एक चित्र आहे. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या लेण्यात, शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. खाली नंदीभोवती गणांची गंमत चालली आहे. या खेळात शिव सर्वस्व हरतो, रुसून निघून जातो आणि पार्वती भिल्लिणीच्या रूपात त्याला परत आणते, ही कथा कीर्तनातून आणि बायकांच्या गाण्यांतून मराठी घराघरांत पोचलेली आहे. कोणी म्हणेल, तिथेही पण लागलाच होता. लागला होता, पण जिंकलेले सारे त्याच घरात राहिले. हरलेल्याचे वस्त्र तिसऱ्या कोणाच्या पेढीवर गेले नाही आणि प्रत्येक डावामागे दलाली कापून घेणारा कोणी मधे बसलेला नव्हता. लेणी खोदणाऱ्यांनी दोघांना एकाच पाटावर समोरासमोर बसवले आहे. ज्या संस्कृतीने जगन्माता आणि जगत्पिता यांना खेळताना कोरले, तिच्या वारसांनी नवरा-बायकोच्या खेळाला नाके मुरडावीत, हे नवल आहे.

नाके मुरडणारे म्हणजे आमचा दुसरा प्रतिपक्ष. त्यांचे मन ओळखायचे असेल तर लातुरात जुलै २०२५ मध्ये काय झाले ते आठवावे. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधानपरिषदेत मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा आरोप करणारी चित्रफीत प्रसृत झाली. आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो, असा खुलासा त्यांनी केला. त्याच दिवशी लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्या पुढ्यात पत्ते टाकले, आणि त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. महिना संपता संपता कोकाटे यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते त्यांच्याकडे आले. शेतकऱ्यांचा राग रास्त होता. सभागृहात बसून शेतीप्रश्नाकडे पाठ फिरवली जात असेल तर तो संताप यायलाच हवा. पण गावोगावच्या चर्चेत गुन्हा हळूहळू कर्तव्यच्युतीकडून पत्त्यांकडे सरकत गेला. जणू मंत्री त्या वेळी कादंबरी वाचत असते तर चालले असते! आणि शेवटी ‘शिक्षा’ म्हणून क्रीडा खाते! ज्या राज्यात क्रीडा हे शिक्षेचे ठिकाण ठरते, तिथे खेळाबद्दलची समज काय दर्जाची असेल हे वेगळे सांगायला नको.

हीच समज घराघरात आहे. आमच्याकडे लग्न लागले की नवरा-नवरीला खेळवतात. मुठीतली सुपारी सोडवायची, पाण्याच्या परातीत अंगठी शोधायची. भोवती साऱ्या आत्या-मावश्यांचा गलका. नवरीने अंगठी आधी काढली तर हशा होतो आणि ‘आता घरात हिचेच राज्य’ असे कोणी तरी म्हणते. बस्स. दांपत्याच्या खेळण्याला समाजाची परवानगी तेवढीच, त्या एका सकाळपुरती. त्यानंतर दोघांनी मिळून संसार करायचा, देव करायचे, कर्ज फेडायचे. खेळायचे मात्र नाही. नवरा मित्रांबरोबर खेळला तर तो विरंगुळा, बायको मंगळागौरीला खेळली तर ती परंपरा. दोघे एकमेकांविरुद्ध खेळले तर मात्र लोक चपापतात. ‘मॅडमशी कसली स्पर्धा करता, सर?’ असे नांदेडकरांना हसत विचारले जाते; आणि लातूरकरांना एक वडीलधाऱ्या मावशी गंभीरपणे सांगतात, ‘नवऱ्याशी बरोबरी कशाला करावी गं?’

मावशींनी नकळत मर्मावर बोट ठेवले आहे. स्पर्धा बरोबरीच्यांतच होते. आपल्याविरुद्ध खेळायला जो बसतो, त्याला आपण निदान त्या डावापुरते आपल्याइतका शहाणा मानतो. म्हणूनच ज्या घरांत बायकोने जिंकणे अवघड जाते, त्या घरांत खेळच मांडला जात नाही किंवा ती जाणूनबुजून हरते. ‘संसार हा सहकार्याचा असतो, स्पर्धेचा नव्हे’ हे सुभाषित आम्हीही अनेक निरोपसमारंभांत ऐकले आहे. सहकार्य कोणी कोणाशी करायचे हे मात्र त्यात कधी सांगितलेले नसते.

आणखी एक गोष्ट. दोन गावांत नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोचे फोन कशाचे असतात, हे मराठवाड्यातल्या शेकडो अध्यापक दांपत्यांना ठाऊक आहे. सिलिंडर आला का, फी भरली का, आईच्या गोळ्या संपल्या का, शनिवारी कोणी यायचे. ही यादी प्रेमाचीच असते, पण ती यादी असते. आमच्याही फोनवर ती असते. तिच्यानंतर मात्र, मे ते सप्टेंबर, आणखी अर्धा तास असतो, ज्यात कोणाला काही आणायचे नसते आणि काही भरायचे नसते. ‘कशासाठी खेळता?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे: ‘कशासाठी’ नसलेला अर्धा तास मिळावा म्हणून.

दुसरे उत्तर थोडे लांबचे आहे आणि त्यासाठी सायकल शर्यतीची रचना सांगावी लागेल. लांबून पाहणाऱ्याला ती एकट्यादुकट्याची शर्यत वाटते; पिवळी जर्सी शेवटी एकाच्याच अंगावर चढते. प्रत्यक्षात ती संघांची असते. टूरमध्ये एका संघात आठ स्वार असतात आणि बहुधा त्यांपैकी सात जण आठव्यासाठी राबतात. समोरून येणारा वारा हा सायकलस्वाराचा मोठा शत्रू. पुढच्याच्या आडोशाला राहिले की पुष्कळ शक्ती वाचते. म्हणून सात जण आळीपाळीने वारा खातात. मागे जाऊन संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात. नायकाचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देतात. फ्रेंच भाषेत अशा स्वाराला ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. हा शब्द शिवी म्हणूनच आला. १९११ च्या टूरमध्ये मोरिस ब्रोको या स्वाराने दुसऱ्याला साह्य केले, तेव्हा टूरचे संस्थापक-संपादक आंरी देग्रांज यांनी त्याला या शब्दाने हिणवले. त्याच ब्रोकोने दुसऱ्या दिवशी डोंगरातला टप्पा मोठ्या फरकाने मारून दाखवला, तरीही त्याला बाद करण्यात आले. १९३४ मध्ये विशीतल्या रने व्हिएतोने स्वतःचे चाक काढून आंतोनँ मान्यला दिले आणि रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून तो रडला. त्याचे छायाचित्र जगभर गेले. टूर मान्यने जिंकली.

घरगड्याचा दुसरा पर्याय आमच्या भाषेत आधीच तयार आहे: पाणक्या. लातूरकरांना हा शब्द शिकवावा लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली. १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्याआधी पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. सायकलीच्या दोन्ही बाजूंना घागरी लटकवून, हँडल घट्ट धरून, पायी चालत जाणारी माणसे त्या उन्हाळ्यात गल्लोगल्ली दिसत. त्या सायकलींचे गुण कोणी मांडले नाहीत. रेल्वेचे फोटो मात्र सगळीकडे आले.

आता वहीकडे येऊ. ३१ मे २०२५ रोजी जिरोचा विसावा टप्पा होता. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा अठरा किलोमीटरचा घाट, वरचे सुमारे आठ किलोमीटर कच्चे. सकाळी गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या इसाक देल तोरोच्या अंगावर होती. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ ४३ सेकंदांनी आणि इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंदांनी मागे. याच घाटाच्या दिवशी २०१८ मध्ये येट्स स्वतः गुलाबी जर्सीत असताना अडतीस मिनिटांहून अधिक वेळ गमावून बसला होता. सात वर्षांनी तो त्याच कच्च्या रस्त्यावर एकटा निघून गेला आणि मागचे दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. पण घाट उतरल्यावर खोऱ्यात समोरचा वारा होता. तिथे येट्सचा सहकारी, बेल्जियमचा वाउट व्हान आर्ट, सकाळपासून पुढच्या तुकडीत असलेला, त्याच्यासाठी थांबलेला होता. त्याने येट्सला मागे घेतले, खोरे ओलांडून दिले आणि तो बाजूला झाला. येट्सने जिरो ३ मिनिटे ५६ सेकंदांनी जिंकली.

येट्स नांदेडकरांच्या संघात होता, व्हान आर्ट लातूरकरांच्या. वहीच्या नियमाप्रमाणे त्या रात्री नांदेडकरांना भरघोस गुण मिळाले आणि लातूरकरांना त्या स्वारापोटी शून्य. लातूरकरांनी हरकत घेतली. ज्याच्याशिवाय हे झालेच नसते त्याला शून्य देणारी वही खोटी आहे, पाणक्याचा रकाना पाहिजे. नांदेडकरांचा प्रतिवाद असा की विजयाला अंक असतो, सेवेला नसतो. ती मोजणार कोण? दोन्ही मुद्दे साहित्यशास्त्रातल्या कोणत्याही वादाइतके वजनदार होते आणि वाद आठवडाभर चालला. शेवटी ठरले ते असे: प्रत्येक टप्प्याला दहा गुण पाणक्याचे. ते कोणत्या स्वाराला जावेत हे दोघांच्या संमतीने ठरवायचे. एकमत झाले नाही तर ते गुण कोणालाच नाहीत.

या नियमाचा अर्थ ध्यानात घ्यावा. दहा गुण तेव्हाच मिळतात जेव्हा प्रतिस्पर्धी मान्य करतो. म्हणजे आपल्या विरुद्ध खेळणाऱ्याच्या पाणक्याचे श्रम आपल्याला दिसले पाहिजेत, आणि दिसले असे आपण तोंडाने कबूल केले पाहिजे. निकालाची यादी वाचून हे जमत नाही; सबंध टप्पा पाहावा लागतो, तोही समोरच्याच्या बाजूने. जुलैतल्या टूरभर आम्ही तो पाहिला. पोगाचार चौथ्यांदा जिंकला हे सगळ्यांना कळले. त्याच्यापुढे डोंगरात वारा कोणी खाल्ला हे आम्हा दोघांना पाठ झाले. २०२२ पासून पुन्हा सुरू झालेल्या स्त्रियांच्या टूरलाही वहीत तोच रकाना आणि तेवढेच गुण आहेत. २०२४ मध्ये कासिया निएविआदोमाने ती अवघ्या चार सेकंदांनी जिंकली, तेव्हा ते चार सेकंद कोणाकोणाच्या पायांतून आले याची चर्चा आमच्याकडे पुरुषांच्या टूरइतकीच लांबली होती.

आणि आता कौशल्यवाद्यांना आमचा प्रश्न: हा नियम तुमच्या कोणत्याही पैशांच्या लीगमध्ये चालेल का? ज्या डावात समोरच्याचे दहा गुण म्हणजे माझे दहा रुपये, त्या डावात समोरच्याच्या पाणक्याचे कौतुक करणारा मूर्ख ठरेल. पैसा आला की संमतीवर सोडलेले सारे काही यंत्राकडे द्यावे लागते, जे मोजता येत नाही ते फेकून द्यावे लागते आणि प्रतिस्पर्ध्याच्या जागी नाव-गाव नसलेले लाखभर खाते उभे राहते. खेळातली बारीक नजर पैशाने तीक्ष्ण होते हा त्यांचा दावा होता. पैशाने ती फक्त आकड्यापर्यंत पोचते. ज्याला ते कौशल्य म्हणत होते, ते पाहण्याचे कौशल्य नव्हतेच.

‘पण हे सारे परदेशी, नांदेडच्या माणसाला आल्प्सचे काय?’ हा आक्षेप बहुधा तेच घेतात, ज्यांना लॉर्ड्सची खेळपट्टी तोंडपाठ असते. सायकल शर्यत मराठी मुलखाला परकी नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची रीत आपली आहे. टूरमधल्या ठिपक्यांच्या जर्सीला इतके सुंदर नाव फ्रेंचांनाही सुचले नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या श्रेणीतली बहुटप्पी शर्यत झाली आणि जगभरचे संघ सह्याद्रीच्या घाटांत आले. गुळगुळीत केलेल्या त्या रस्त्यांचे फोटो पाहताना अहमदपूर-लोहा रस्त्यावरच्या आमच्या शनिवारांची आठवण येणे स्वाभाविक होते. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

शेवटचा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा आहे, आणि तो सर्वांत गुळगुळीत आहे. ‘तुमच्या खेळातून गणित सुधारते, भूगोल कळतो, तेव्हा तो उपयुक्त आहे, आमची हरकत नाही.’ ही हरकत नसणेच आम्हाला मान्य नाही. खेळाला मूल्यशिक्षणाच्या तासात बसवून त्याची सुटका करणे म्हणजे त्याला पुन्हा कामाला जुंपणे होय. कंपनी खेळातून पैसा मागते, मास्तर खेळातून संस्कार मागतो, मागणारे दोघेही. पाणक्याचा रकाना आम्ही संस्कार म्हणून घातला नाही. तो घातला कारण त्याशिवाय वहीतली शर्यत खोटी वाटत होती, आणि खोटा खेळ खेळण्यात मजा नसते.

तेव्हा कायदा राहो की न राहो, आमची विनंती एवढीच की, दोन शब्द निराळे ठेवावेत. जिथे हरलेल्याचे देणे घराबाहेर जाते आणि घरातल्या कुणाच्या तरी अंगावरून फिटते, त्याला जुगार म्हणावे. मग त्यात बुद्धी कितीही लागो आणि त्याची जाहिरात कोणीही करो. आणि जिथे दोघे समोरासमोर बसून, काही न मागता, एकमेकांना हरवू पाहतात, त्याला खेळ म्हणावे; मग ते दोघे नवरा-बायको असोत, चाळिशीतले असोत, आणि आल्प्सपासून हजारो किलोमीटर दूर असोत. २०२५ चा हंगाम लातूरकरांनी जिंकला. फरक तीस गुणांचा होता, आणि ते तीसही पाणक्याच्या रकान्यातले होते. नांदेडकरांनी प्रत्येक वेळी स्वतः ‘मान्य’ म्हटलेले.